म्हाळू, बेटकुळीनं कमठा ओढत नसतात

म्हाळू,

काल तुझा तेरावा झाला. आमटी झणझणीत होती, लापशीत गूळ हात सैल सोडून घातला होता, आणि पंगती उठल्या तरी माणसं येतच होती. माझ्या घशाखाली मात्र घास उतरला नाही. दुःखानं उतरला नाही असं लोक म्हणाले. म्हणू देत. खरं कारण तुला सांगतो. माझ्या पुढ्यातच पाटावर तुझा फोटो मांडला होता.

बारामतीच्या पेठेत काढून आणलास तो फोटो. झेंडूचा हार, उदबत्तीचा धूर, आणि मधे तू बाण लावून कमठा ओढून उभा. डावा खांदा पार कानाला जाऊन चिकटलेला. उजवं कोपर मोडलेल्या फांदीगत खाली पडलेलं. छाती कोंबड्यासारखी पुढं. कमठ्याची मूठ अशी आवळलीस, जसा काय कुणी तो हिसकून पळणार आहे. आणि उजव्या दंडावर ती बेटकुळी. लिंबाएवढी, तेल चोपडून चकचकीत केलेली. मला किळस आली, म्हाळू. मेल्या माणसाच्या फोटोची किळस येऊ नये म्हणतात, पण मला आली. ताट सरकवलं आणि पाणी प्यालो.

शेजारी पाटील बसले होते. म्हणाले, "काय दंड हुता गड्याचा! नुसतं पोलाद."

तुझा कोऱ्हाळ्याचा साडू डोळे पुसत म्हणाला, "त्या हातात बिरोबा हुता, पाटील."

माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "हात कशाला बघताय? कोपर बघा. कोपर पडलंय."

वाढणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला. साडू म्हणाला, "धुळातात्या, माणूस गेलाय. आता तरी गप बसा."

"माणूस गेला म्हणून कोपर वर आलं व्हय?" मी म्हणालो.

मग पाटलांनी खाकरून सगळ्यांना सांगितलं, की हा फोटो बिरोबाच्या सभामंडपात लावायचा. जिथं देवाचा कमठा टांगलेला असतो, बरोबर तिथं, शेजारच्या खुंटीला. "म्हंजे गावातली तरणी माणसं बघून शिकतील," म्हणाले.

शिकतील! घास न उतरण्याचं कारण तुला आता कळलं असेल. पुढच्या जत्रेपर्यंत आपल्या कळस गावातला एकेक गडी खांदा कानाला लावून, कोपर पाडून, दंडाला तेल लावून उभा राहणार, आणि 'म्हाळूआण्णा असंच ओढायचे' म्हणणार. आबानं आपल्याला जे दिलं ते सगळं एका काचेखाली पुरलं जाणार, वर हार घालून.

येसूआबा तुला आठवतो का? माझा चुलता, पण शिकवताना चुलता नव्हता, काळ होता. आपल्याला मिसरूड फुटत होतं. लांडग्यांनी माळावर धुमाकूळ घातला होता, बंदुकीचा परवाना साहेब पाटलाला द्यायचा, मेंढपाळाला कोण देतो? म्हणून आबा म्हणाला, कमठा शिका. तू पहिल्याच दिवशी त्याचा कमठा हिसकून कानापर्यंत ओढलास आणि आमच्याकडं बघून हसलास. आबा हसला नाही. त्यानं कळपातला थोरला एडका धरून आणला आणि ओढ्याच्या दरडीवर चढायला लावला. आपल्या दोघांचे तळवे त्याच्या पाठीवर ठेवले.

"काय लागतंय?"

मी म्हणालो, "फरे सरकत्यात, आबा. चढताना आत येत्यात."

"त्येच कमठा वढतंय. पाठीवरची ही दोन पाती. ह्याला बेटकुळी हाय का? न्हाय. पर धडक बसली की माणूस दोन दिस उठत न्हाय."

तू म्हणालास, "मग कमठा एडक्याच्याच हातात द्या की, आबा."

आबानं तुझ्या पाठीत असा गुद्दा घातला की तू दरडीवरनं खाली. पण त्या गुद्द्यातही शिकवण होती. बरोबर दोन फऱ्यांच्या मधे बसला होता.

मग त्यानं देवळातनं भंडारा आणला. हळदीत तेल कालवलं, आपल्याला उघडं केलं आणि दोन्ही फऱ्यांच्या आतल्या कडेला एकेक पिवळी रेघ ओढली. म्हणाला, "पाठीला दोन फळ्यांचं दार हाय आसं समजा. कमठा वढायचा म्हंजे दार लावायचं. दोन रेघा मधी मिळाल्या, पाठीच्या पन्हाळीत पिवळं झालं, की दार लागलं. हात म्हंजे नुसता आकडा. आकडा कधी दमतो का? बादली वर येती ती दोरानं, आकडा नुसता धरून असतो."

पहिल्या आठवड्यात माझी पन्हाळ पिवळी झाली. तुझी नाही. तुझ्या रेघा जशा ओढल्या तशाच, कोऱ्या करकरीत, दोन परक्या माणसांसारख्या अंतर ठेवून. आबा रोज ओरडायचा, "म्हाळ्या, खांदा खाली घे. खांदा खाली घे, भाड्या!" आणि तू दंड फुगवून बाण सोडायचास, आणि तो लागायचासुद्धा. हेच वाईट झालं. तुझा बाण लागला नसता तर तू शिकला असतास.

लागत होता हे मी नाकबूल करत नाही. जत्रेत उंच काठीच्या टोकाला नारळ बांधायचे, देवाचा कमठा खाली उतरवायचे, आणि तू धोतर खोचून पुढं यायचास. बायका छपरावर, पोरं झाडावर. तू आधी दंड दाखवायचास. सगळीकडं फिरून दाखवायचास, बैल विकायला आणल्यासारखा. मग ओढायचास, लटलट कापत, मानेच्या शिरा टचटच उभ्या. नारळ फुटायचा. फेटा तुझ्या डोक्यावर. मला ते बघताना दात आंबल्यासारखं व्हायचं. लोक टाळ्या वाजवायचे त्या ताकदीला, आणि मी बघत असायचो ते कापणं. कापतोय म्हणजे दार उघडं आहे. कापतोय म्हणजे सगळं ओझं दंडावर आहे. दंड मांसाचा असतो, मांस एक दिवस नाही म्हणतं.

म्हणालंच. पाटाला पाणी आलं, माळ गेला, ऊस आला, आपली मेंढरं कमी होत होत कुडात पाच-दहा उरली, दावणीला चार बैल राहिले, आणि तुझा उजवा खांदा दुखायला लागला. मी म्हणालो होतो. तू म्हणालास, नांगरानं धरलाय. नांगर तर मीही धरतो. माझा का नाही धरला? मग सुरू झालं तुझं ते तेल. लसूण, ओवा, आणि आणखी कसली तरी चरबी घालून उकळलेलं. इंदापूरच्या बाजारात तू माझ्या मागं उभा राहिलास की मला वळून बघायला लागायचं नाही. गुळाच्या आडतीत माणसं नाकाला धोतराचा सोगा लावायची. बेटकुळीला इतकं तूप-तेल पाजलंस, आणि जिनं कधी काही मागितलं नाही त्या पाठीला विचारलंसुद्धा नाहीस.

गेल्या जत्रेत तू चुकलास. बाण नारळाच्या डावीकडनं गेला आणि थेट खालच्या उसात. दुसरा त्याच्या मागोमाग. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "आण्णा, उसातला कोल्हा मारला का?" तू म्हणालास वारं होतं. काठीच्या टोकाचं निशाण लुळं पडलेलं होतं, म्हाळू. वारं कुठलं? मग मी उठलो, दार लावलं आणि नारळ खाली आणला. फेटा मी घेतला नाही, देवापुढं ठेवला, पण ते तुला जास्तच लागलं.

घरी येताना बांधावर तू मला अडवलंस.

"धुळ्या, लई झालं तुझं. नारळ जुना हुता, आपसूक तुटला."

"आपसूक तुटला तर माझा बाण त्येच्यात काय झोपाया गेल्ता?"

"पाठीनं वढतोस म्हंजे पाठमोरा वढतोस. गड्यानं समोरनं वढावं."

"गड्यानं नीट वढावं."

"माझ्या बापानं मला दंड दिलाय."

"आन पाठ काय शेजाऱ्यानं दिली?"

तू थुंकलास. मीही थुंकलो. पुढं पाऊसकाळ सरेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि खोटं का लिहू, मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बांधावरनं नुसतं एकमेकांच्या बैलांना शिव्या दिल्या.

मग थंडीत ती लांडग्याची सकाळ आली. दव पडलं होतं. मी तुझ्या गोठ्याकडं विस्तव मागायला आलो होतो, म्हणजे बोलणं सुरू करायला आलो होतो, पण ते तुला तेव्हा कळूनही तू कळलं नसल्यासारखं केलंस. तेवढ्यात मेंढरं ओरडली. लांडगा कुडाबाहेर निघाला होता, तोंडात कोकरू. तू आत पळालास, कमठा घेऊन आलास, माझ्याकडं पाठ करून उभा राहिलास. तेल लावायला वेळ नव्हता. छाती काढायला वेळ नव्हता. आणि मी बघितलं, म्हाळू. या डोळ्यांनी बघितलं. बंडीखाली तुझे दोन फरे सरकले, आत आले, मिळाले. बंडीची मधे चुणी पडली. हात कापला नाही. बाण सुटला तेव्हा तुझी बोटं उघडली नाहीत, दोरी त्यांच्यातनं आपोआप निसटली आणि हात मानेवरनं मागं गेला, जसा आबाचा जायचा.

मी ओरडलो, "लागलं! दार लागलं!"

तू न वळता म्हणालास, "लांडगा कुठं गेला त्ये बघ आधी, येड्या."

लांडग्याच्या मागच्या पायाला बाण चाटून गेला, त्यानं कोकरू टाकलं आणि लंगडत उसात शिरला. तू कोकराला उचललंस. त्याची मान चाचपून बघत होतास आणि मी तुझ्या मागं मागं.

"म्हाळ्या, कबूल कर. पाठीनं वढलास."

"दंडानं वढला."

"मी बघितलं."

"तुझ्या डोळ्यात फूल पडलंय. इंदापूरच्या दवाखान्यात दाव."

मी वाटेल त्या शपथा घातल्या. तू चिलीम पेटवलीस आणि आकाशात बघत बसलास. मला वाटलं, घाई झाली म्हणून चुकून दार लागलं असेल. चुकून! इतकी वर्षं शिकवून येईना ते चुकून आलं, याचीच मला जास्त चीड आली.

आणि त्यानंतर महिन्याभरात तू सर्व्हिस मोटारीनं बारामतीला जाऊन हा फोटो काढून आणलास. त्या सकाळनंतर! मला दाखवायला तू स्वतः आला नाहीस, घरी ठेवून वाट बघत बसलास. मी आलो तेव्हा ताप चढला होता तुला. घोंगडीत गुरफटून पडला होतास, श्वास खरखरत होता, कपाळ तव्यासारखं. तरी हात बाहेर काढून भिंतीकडं दाखवलास.

"फोटू बघितलास का?"

मी बघितला. म्हणालो, "कोपर पडलंय."

तू हसलास. हसता हसता खोकलास, खोकता खोकता पुन्हा हसलास. वहिनी मला म्हणाली जा आता. मी गेलो. सकाळी रडण्याचा आवाज आला. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं एवढंच. लोकांना वाटतं मला त्याचं वाईट वाटत असेल. कोपर पडलेलंच होतं.

तर कालचं पुढचं सांगतो. पंगती आटोपल्यावर मी पाटलांना अडवलं. म्हणालो, हा फोटो देवळात लागणार नाही. ते म्हणाले, "तात्या, जित्यापणी भांडलात, आता मेलेल्याशीबी भांडणार?" मी म्हणालो, मेला म्हणून काय सुटतोय? साडू अंगावर धावून आला. दोघातिघांनी धरलं. कुणीतरी म्हणालं, ह्याला आण्णाच्या फेट्याचा जळफळाट आहे. ऐकलंस? मला! जो फेटा मी हातात घेऊन देवापुढं टाकला त्याचा मला जळफळाट!

तेवढ्यात तुळसावहिनी आतनं आली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखाच, कोरडा. काखेत काहीतरी गुंडाळी होती.

"पाटील, फोटू माझा हाय. त्यो माझ्या घरात ऱ्हाईल. देवळात मी देत न्हाय."

पाटील म्हणाले, "अगं, पर का?"

तिनं त्यांना उत्तर दिलं नाही. माझ्याकडं वळली. "भावजी, ही बंडी तुमाला दावायची हुती. जाळायला काढलेल्या कापडात हुती. मी काढून घेतली."

तुझी जाड मांजरपाटाची बंडी. तिनं ती पाठीकडनं उघडली. म्हाळू, तुझ्या बंडीच्या पाठीवर हळद होती. दोन रेघा, फऱ्यांच्या जागी. धुऊन धुऊन फिकट झालेल्या, त्यावर पुन्हा ओढलेल्या, पुन्हा धुतलेल्या. आणि मधे, पन्हाळीवर, एक जाड पिवळा पट्टा. तो कुणी ओढलेला नव्हता. कापडाच्या चुणीत दोन रेघा मिळून मिळून तो पडला होता. तिथलं सूत विरून गेलं होतं.

"बाजारच्या दिवशी," वहिनी म्हणाली, "तुमी इंदापूरला निघालात की ह्ये उठायचं. मला म्हणायचं, तुळसा, भंडारा लाव. गोठ्याच्या मागं उभं ऱ्हायचं. उघडं व्हायला लाजायचं, म्हणून बंडीवरनंच. मी मागं बसून सांगायची, मिळालं, न्हाय मिळालं. सारा पाऊसकाळ केलं."

आता कळलं. बाजारच्या दिवशी तुझं नेहमी काहीतरी दुखायचं. कधी पोट, कधी दाढ. बोलणं नव्हतं तरी मी वहिनीच्या हाती तुझ्यासाठी दाढेची लवंग धाडायचो, मूर्खासारखा.

"मग फोटोत असं का उभा राहिला?" मी विचारलं.

वहिनीला हसू आलं. तेराव्याला, सगळ्यांसमोर. पदर तोंडाला लावला तिनं. "फोटूवाला म्हणला, पाठ फोटूत येत न्हाय, दंड दावा. तर ह्ये म्हणले, दावतो, चांगलं कोपर पाडून दावतो. त्यो धुळ्या बघंल आन चार दिस जेवणार न्हाय."

चार नाही लेका, एकच दिवस. पण जेवलो नाही, हे खरं.

बंडी आज सभामंडपात गेली. मी स्वतः खुंटी ठोकली, देवाच्या कमठ्याच्या शेजारी. पाठ लोकांकडं, छाती भिंतीकडं. पाटील बघून म्हणाले, "तात्या, बंडी उलटी टांगलीया." मी म्हणालो, "सुलटी हाय. म्हाळू हिकडनंच वढायचा." तालमीतली दोन माणसं पुढं येऊन बघत उभी राहिली. त्यातल्या एकानं नकळत आपले फरे आत घेऊन बघितले. मी बघितलं नाही असं केलं.

तुला मात्र मी सोडत नाही. उभा जन्म भांडलो तुझ्याशी एका गोष्टीवर. ती मी जिंकलो, आणि जिंकलो हे मला तुझ्या बायकोकडनं कळावं, तुझ्या तेराव्याला, उष्ट्या पत्रावळींच्या शेजारी उभं राहून? एकदा तोंडानं म्हणाला असतास, 'धुळ्या, तुझं खरं,' तर तुझी जीभ झडली असती काय? मी काय गावभर दवंडी पिटली असती? पिटली असती. तरी म्हणायचं होतंस. त्या लांडग्याच्या सकाळी तर तुझ्या ओठावर आलं होतं. चिलीम त्याच्यासाठीच पेटवलीस ना, तोंड बंद ठेवायला? थू तुझ्या जिण्यावर. असला आपमतलबी माणूस मी बघितला नाही. माझी विद्या घेतलीस आणि माझा शब्द खाल्लास.

सगळे गेल्यावर मी पुन्हा बंडीजवळ गेलो. उन्हाची तिरीप बरोबर तिच्यावर पडली होती. बोट फिरवून बघितलं. रेघा मिळाल्यात, म्हाळू. नीट मिळाल्यात. आबा असता तर त्यानं तुझ्या पाठीत पुन्हा एक गुद्दा घातला असता, पण तो वेगळा असता. एवढं मी तुला देतो.

फक्त डावी रेघ उजवीपेक्षा बोटभर वर चढून मिळालीय. वहिनी मागं बसायची, तिला ते दिसलं नसेल. मला दिसतंय.

खांदा खाली घे, म्हाळू.